जुन्या गाडीचा सेल्फ: मोटर काढणं, उघडणं, परत बसवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा सुरू झाला की आणि दसऱ्याच्या आठवड्यात सेल्फबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात. त्यातले बरेचसे दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. कोल्हापुरात अजून रोज रस्त्यावर असणाऱ्या १० ते २५ वर्षांच्या कार्बुरेटरच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवल्या आहेत: २००१ नंतरच्या पहिल्या पल्सर, जुन्या थंडरबर्ड, इलेक्ट्रा, सेल्फवाल्या १०० आणि १२५ सीसी. मोटरची जागा आणि बोल्टचे आकार गाडीगणिक बदलतात. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर आकड्यांच्या बाबतीत त्याचंच ऐका.

१. सेल्फ म्हणजे नक्की कुठला पार्ट? आमचा मेकॅनिक कधी मोटरला सेल्फ म्हणतो, कधी बटणाला.

बोलताना सगळ्या साखळीलाच सेल्फ म्हणतात. हँडलवरचं बटण थोडासा करंट रिलेला देतं. रिले आत ओढला गेला की बॅटरीची जाड वायर मोटरला जोडली जाते. मोटर गिअरमधून वन-वे क्लच फिरवते आणि वन-वे इंजिनाचा क्रँक फिरवतो. इंजिन चालू झालं की वन-वे आपोआप सुटा होतो, त्यामुळे इंजिन मोटरला फरफटत नेत नाही. बॅटरी, बटण, रिले, मोटर, वन-वे या पाचांपैकी कुणीही रुसलं तरी गिऱ्हाईक येऊन सांगतं एकच, "सेल्फ लागत नाही". मोटर या पाचातली एक आहे, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

२. बटण दाबलं की नुसतं "खट" वाजतं. मोटर गेली का?

आवाज नीट ऐका. टकटकटकटक अशी माळ लागली तर बहुतेक वेळा बॅटरी थकलेली असते, नाहीतर तिचं टर्मिनल ढिलं किंवा पांढरं पडलेलं असतं. रिले ओढतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, परत ओढतो, असं चालू राहतं. एकच दमदार खट आणि पुढे शांतता असेल तर रिलेपर्यंत सगळं ठीक आहे. मग दोष रिलेच्या आतल्या कॉन्टॅक्टमध्ये, जाड वायरीत किंवा मोटरमध्ये. काहीच आवाज नसेल तर मोटरकडे बघूही नका. फ्यूज, बटण, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच आणि असेल तर साइड स्टँडचा स्विच आधी तपासा. क्लच लिव्हरखालचा तो बारका स्विच पावसानंतर हमखास अडकतो.

३. हेडलाइट तर झकास पेटतो. म्हणजे बॅटरी चांगली ना?

नाही. या काळातल्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या (क्रँकवर फिरून वीज बनवणाऱ्या चाकाच्या) कॉइलवर चालतो, इंजिन चालू झालं की पेटतो. बॅटरीची परीक्षा हॉर्न, ब्रेक लाइट आणि इंडिकेटरवर घ्या, आणि त्याहून बरं म्हणजे मीटर लावा (प्रश्न ५).

४. बटण दाबलं की मोटर घूंऽऽ करून जोरात फिरते, पण इंजिन जागचं हलत नाही. मोटर बदलू का?

मोटर चांगली आहे म्हणून तर ती जोरात फिरतेय. दोष वन-वे क्लचमध्ये आहे. रोलर, त्यांच्या स्प्रिंगा किंवा रोलर ज्यावर धावतात तो पृष्ठभाग झिजला की पकड सुटते. कधी बसतं, कधी सुटतं, थंड असताना जास्त, अशी सुरुवात होते. याला मॅग्नेट बाजूचं कव्हर खोलावं लागतं आणि बहुतेक गाड्यांत पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) लागतो. पुलर नसेल तर हात घालू नका. मॅग्नेटला हातोडी मारून काढलेल्या गाड्या नंतर माझ्याकडे येतात तेव्हा क्रँकचे आटेच गेलेले असतात. एक अपवाद आहे: मोटर नुकतीच उघडून बसवली असेल आणि त्यानंतर असं होत असेल, तर आधी प्रश्न १५ वाचा.

५. मोटर काढायची खरंच गरज आहे का, हे काढायच्या आधी कसं कळणार?

या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर हेच. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर लावा. गाडी न्यूट्रलला, मेन स्टँडवर.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे चालेल, १२ च्या आसपास म्हणजे आधी चार्ज करा आणि मग पुढचं बोला. आता मीटर बॅटरीवरच ठेवून कुणाला तरी दोन-तीन सेकंद बटण दाबायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय धरा. खात्रीची दुसरी बॅटरी लावून परत बघा, कारण आतून जाम झालेली किंवा शॉर्ट मोटरही आकडा असाच पाडते.

बॅटरी टिकली तर मीटरची लाल टोकणी मोटरच्या टर्मिनलवर, काळी मोटरच्या बॉडीवर. परत बटण. इथे दहाच्या आसपास व्होल्ट पोचतायत आणि तरी मोटर गप्प किंवा मेंगळट आहे, तर मोटर काढायलाच हवी. बॅटरीवर अकरा आणि मोटरवर आठ असं दिसलं, तर मधले तीन व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जातायत.

ते शोधायचं असं: एक टोकणी बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर (वरच्या क्लिपवर नको), दुसरी मोटरच्या बॉडीवर, आणि बटण. पाव व्होल्टापेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर किंवा ती जिथे चॅसीला बसते तो बोल्ट खराब. तसंच रिलेच्या दोन जाड टर्मिनलवर टोकण्या ठेवून बटण दाबा. तिथेही आकडा शून्याच्या जवळ असायला हवा, अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेत.

माझ्याकडे "मोटर गेली" म्हणून येणाऱ्या गाड्यांत अर्थचा बोल्ट गंजलेला निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. बोल्ट काढायचा, रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा, आवळायचा, वरून थोडं ग्रीस. इतक्यात गाडी सेल्फवर लागते आणि माणूस मोटरचे पैसे वाचवून घरी जातो.

६. घरी करायचं तर हत्यारं काय लागतील?

८ आणि १० चे बॉक्स पाने, दोन लहान रिंग पाने, चांगल्या टोकाचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, नवीन ओ-रिंग आणि परातीसारखी पसरट ताटली. आतले वॉशर नखाएवढे असतात. मांडीवर उघडायला बसाल तर एक तरी फरशीखाली जाईल.

७. मोटर काढायचा बरोबर क्रम काय?

चावी बंद. बॅटरीची मायनस वायर आधी काढा, मग प्लस. उलट केलं आणि प्लस सोडवताना पाना चॅसीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. बसवताना प्लस आधी, मायनस शेवटी.

नंतर मोटरच्या टर्मिनलवरचं रबरी बूट मागे सरका. इथे सावकाश. खाली एक नट मोटरच्या टर्मिनलला धरून बसलेला असतो आणि वरचा नट वायर धरतो. खालच्या नटाला एक पाना लावून तो स्थिर धरायचा आणि दुसऱ्या पान्यानं वरचा सोडवायचा. कितीतरी वर्षांपूर्वी काकांच्या गाडीवर मी एकच पाना लावून जोर दिला होता. नट गंजलेला होता, त्याच्याबरोबर आतला बोल्टच फिरला. बाहेरून काही दिसलं नाही. मोटर उघडल्यावर दिसलं की बोल्टभोवतीचं प्लास्टिकचं इन्सुलेटर चिरलं होतं आणि प्लसच्या कार्बनची (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ठोकळ्याची) शेपटी, म्हणजे त्याची वायर, पिळून बॉडीला टेकली होती. चांगली मोटर माझ्या हातानं शॉर्ट झाली. तेव्हापासून गंज दिसला की आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास चहाला जातो.

वायर निघाली की मोटरचे दोन बोल्ट. हे ६ मिलिमीटरचे असतात आणि ॲल्युमिनियमच्या इंजिनात बसतात. सोडवताना आधी किंचित आवळायचे, मग सोडायचे, म्हणजे अडकलेला गंज तुटतो. दोन्हीची लांबी वेगळी असू शकते आणि एकाखाली बऱ्याचदा अर्थची वायर असते, त्यामुळे कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा. काही गाड्यांत वाटेत कार्बुरेटर, एअर बॉक्सचा पाइप किंवा कव्हर येतं. ते आधी बाजूला करा, कोंडीत हात घालून मोटर ओढू नका.

८. दोन्ही बोल्ट निघाले, पण मोटर हलत नाही.

मोटरचं तोंड ओ-रिंगसकट इंजिनाच्या भोकात बसलेलं असतं. वीस वर्षांत ओ-रिंग वाळते, ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी चढते. कडेनं स्प्रे मारा, रात्रभर सोडा, सकाळी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवत बाहेर ओढा. तरी नाही निघाली तर बोल्टाच्या कानावर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके. मोटरच्या गोल बॉडीवर हातोडी कधीही मारू नका. आत चुंबक चिकटवलेले असतात, त्यांना तडा जातो किंवा ते सुटतात. इंजिन आणि मोटरच्या मधल्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटाल तर ओ-रिंग बसायची जागा ओरखडेल आणि पुढे ऑईल झिरपत राहील.

९. मोटर काढली की इंजिन ऑईल सांडेल का?

मेन स्टँडवर सरळ उभ्या गाडीत बहुतेक वेळा थेंब-दोन थेंब. भोक खालच्या अंगाला असेल तर गाडी विरुद्ध बाजूला कलती ठेवा. भोकात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, आत काही पडलं तर अख्खं कव्हर खोलावं लागेल.

१०. मोटर उघडताना काय लक्षात ठेवू?

उघडण्याआधी मोटरच्या दोन्ही टोकांच्या टोपणांपासून बॉडीवर मार्करनं एकेक रेघ ओढा. फॅक्टरीच्या खुणा पुसलेल्या असतात, आणि ही रेघ नसली तर काय होतं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

दोन लांब स्क्रू काढले की टोपणं सुटतात. गिअरच्या बाजूचं टोपण काढताना शाफ्टवरचे वॉशर क्रमानं ताटलीत मांडा: दातेरी लॉक वॉशर, मग पातळ शिम. मागच्या टोकालाही शिम असतात. कुठल्या बाजूला किती आणि कुठल्या क्रमानं, हे कागदावर लिहाच. आर्मेचर (मोटरचा फिरणारा, गुंडाळीचा भाग) पुढे-मागे किती सरकेल हे त्या शिमवर ठरतं. एक शिम राहून गेला की कॉम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा, तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) कार्बनच्या खालून सरकतो, एक जास्त झाला की टोपण आवळल्यावर मोटर जाम.

आर्मेचर बाहेर ओढताना चुंबक ते परत आत खेचतात. बोटं मधे ठेवू नका. आत काळी कोरडी पूड असेल तर ती कार्बनची, नेहमीची. ओला काळा चिखल असेल तर इंजिन ऑईल आत आलंय, म्हणजे गिअरच्या टोपणातलं ऑईल सील गेलं. हा चिखल करंट वाहून नेतो आणि मोटर आतल्या आत अर्धी शॉर्ट करून ठेवतो. सील न बदलता नुसती साफसफाई केली तर सहा महिन्यांत परत तेच.

११. कार्बन किती झिजला की बदलायचा? आणि मिक्सरचे कार्बन घासून बसवले तर चालतील का?

नव्या लांबीच्या अर्ध्यावर आला की बदला. लांबी ठीक असली तरी कार्बन खाचेत अडकतोय का, स्प्रिंग निळी पडून मऊ झालीय का, शेपटीची वायर जळालीय का हे बघा. माझ्या हातात आलेल्या बंद मोटरींमध्ये अडकलेला कार्बन आणि मेलेली स्प्रिंग ही जोडी फार वेळा सापडली आहे.

मिक्सरचे किंवा ड्रिल मशीनचे कार्बन बसवू नका. मिक्सर २३० व्होल्टवर थोडा करंट घेतो, त्याचा कार्बन कडक आणि जास्त रोधाचा असतो. सेल्फची मोटर १२ व्होल्टवर कित्येक पटींनी जास्त करंट ओढते, म्हणून तिच्या कार्बनमध्ये तांब्याची पूड मिसळलेली असते. उन्हात धरला की लालसर चमक दिसते. मिक्सरचा कार्बन बसवलेली मोटर फिरते, पण दम नसतो, आणि कॉम्युटेटरवर चरे पडतात. दुचाकीच्या सेल्फचा कार्बन किंचित मोठा मिळाला तर तो पॉलिश पेपरवर घासून मापात आणणं मात्र ठीक आहे.

शेपटी डाखाची असेल तर सोल्डरिंगची मोठी इस्त्री वापरा आणि झटकन काम उरका. डाख वायरीत वर चढला की ती कडक होते आणि कार्बन स्प्रिंगबरोबर सरकत नाही.

१२. कॉम्युटेटर काळा पडलाय. कशानं साफ करू?

तपकिरी चॉकलेटी झाक चांगली, ती घालवायची नाही. काळे जळके डाग असतील तर पॉलिश पेपरची पट्टी भोवती गुंडाळून आर्मेचर हातानं फिरवत हलकेच घासा. जाड एमरी कापड नको, त्याची खडी तांब्याच्या पट्ट्यांमध्ये रुतून बसते.

खरी नजर पट्ट्यांच्या मधल्या खाचांवर ठेवा. तिथे अभ्रकाचं इन्सुलेशन असतं आणि ते तांब्यापेक्षा खाली असायला हवं. तांबं झिजून दोन्ही समपातळीत आले की कार्बन अभ्रकावर उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा बाजूनं घासून पातळ करा आणि एकेक खाच साधारण अर्धा मिलिमीटर खोल करा, मग कडा पॉलिश पेपरनं मोडा. वेळखाऊ काम आहे, खिडकीच्या उजेडात बसून करण्यासारखं. कॉम्युटेटरला बोटाला जाणवेल असा खड्डा पडला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर अगदी हलका घास मारून घ्या, आणि घास मारल्यावर खाचा परत खोल करायला विसरू नका. लेथवाला ते सांगितल्याशिवाय करत नाही.

१३. आर्मेचर जळालंय का, हे घरच्या मीटरवर कळतं का?

अर्धं कळतं. मीटर बीपवर ठेवा. कॉम्युटेटरच्या शेजारच्या कुठल्याही दोन पट्ट्यांत बीप यायला हवा, नाही आला तर गुंडाळी तुटली. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात बीप येता कामा नये, आला तर आर्मेचर अर्थ झालं. तसंच आर्मेचर बाहेर असताना प्लस टर्मिनल आणि बॉडीमध्येही बीप नको.

गुंडाळीचे वेढे आपसात शॉर्ट असतील तर साधा मीटर ते दाखवत नाही. त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडे ग्रोलर असतो, तो आर्मेचर त्यावर ठेवून हॅकसॉ ब्लेड धरतो आणि शॉर्ट गुंडाळीवर ब्लेड थरथरतं. पण नाकावरही थोडा विश्वास ठेवा. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

१४. बुश ढिला आहे, पार्ट मिळत नाही. आणि ग्रीस कुठे लावायचं?

मागच्या टोपणातला बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, तो तेल पिऊन ठेवतो. ढिला झाला की आर्मेचर चुंबकाला घासतं. आर्मेचरच्या कडेला चकचकीत पट्टा दिसला तर खूण पटली. जुना बुश आणि शाफ्ट दोन्ही घेऊन उद्यमनगरात जा, मापाचा करून मिळतो. नुसता बुश नेऊन काम होत नाही, शाफ्टही झिजलेला असतो. भरीव गनमेटलचा करून घेतलात तर त्याला तेल साठवता येत नाही, म्हणून आत बारीक खाच पाडून घ्या. सच्छिद्र मिळाला तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा.

पुढच्या बाजूला बेअरिंग असेल तर त्याच्या कडेवर नंबर असतो. तो नंबर सांगितला की बेअरिंगच्या दुकानात मिळतं, गाडीचं नाव सांगायची गरज नाही.

ग्रीस शाफ्टच्या टोकाला बोटावरचं पुसट, ऑईल सीलच्या ओठाला थोडं, ओ-रिंगला थोडं. बस्स. जास्तीचं ग्रीस गरम होऊन कॉम्युटेटरवर जातं. आर्मेचर पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवून धुवू नका, वार्निश सुटतं. टोपणं रॉकेलमध्ये धुतली तर चालतील, पूर्ण सुकवून.

१५. मोटर जोडली आणि ती उलटी फिरतेय! वायर तर एकच आहे, चुकणार काय?

चुंबकाच्या मोटरीत कार्बनची प्लेट आणि चुंबक यांचं एकमेकांशी नातं ठरलेलं असतं. बॉडी किंवा टोपण फिरवून बसवलं की मोटर उलटी फिरते. टेबलवर तुम्हाला कळेलच असं नाही. गाडीत बसवल्यावर वन-वे उलट्या दिशेला सुटा असतो, म्हणून मोटर घूं करते आणि इंजिन हलत नाही, अगदी प्रश्न ४ सारखंच. याच कारणानं विनाकारण खोललेले वन-वे मी पाहिलेत. प्रश्न १० मधली मार्करची रेघ यासाठीच.

फील्ड कॉइलच्या (चुंबकाऐवजी बॉडीत गुंडाळी असलेल्या) जुन्या मोटरींत बॅटरीचे प्लस-मायनस उलटे केले तरी फिरायची दिशा तीच राहते. चुंबकाच्या मोटरीत ती बदलते. टेबलवर तपासताना हे ध्यानात ठेवा.

१६. कार्बन मागे धरून आर्मेचर बसवायला चार हात लागतात. काही युक्ती?

जुन्या एक्स-रे फिल्मच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. कार्बन खाचेत मागे दाबा, पुढे फिल्मची पट्टी सरकवा, सगळे कार्बन असे अडवले की आर्मेचर आत घाला आणि पट्ट्या एकेक करून ओढून घ्या. शेवटी टिकटिक करत कार्बन कॉम्युटेटरवर बसतात. मग आर्मेचर कार्बनच्या प्लेटसकट बॉडीत सोडा, चुंबकाच्या ओढीला हळूहळू सोडत. धप्पकन आत जाऊ दिलंत तर कार्बनचा कोपरा उडतो.

१७. गाडीत बसवण्याआधी मोटर कशी तपासू?

कान व्हाइसमध्ये पकडा (बॉडी नको). जाड जंपर वायरनं बॅटरीचा मायनस मोटरच्या कानाला, प्लसची वायर आधी बॅटरीला आणि मग तिचं दुसरं टोक मोटरच्या टर्मिनलला टेकवा. ठिणगी बॅटरीजवळ पडू द्यायची नाही, तिथे गॅस असतो. मोटर जोरात झटका देते, म्हणून हातात धरून बघू नका. दोन-तीन सेकंद पुरे. आवाज एकसारखा, न घासता आला आणि दिशा बरोबर असली की बसवा. बोल्ट हातानं चार-पाच आटे जाईपर्यंत फिरवा, मग पाना. ॲल्युमिनियमचे आटे जोर केला की जातातच.

१८. महापुरात गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघू का?

अजिबात मारू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली होत्या आणि पाणी उतरल्याबरोबर लोकांनी पहिलं बटण दाबलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही. मोटरचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर आणि वन-वेवर येतो.

आधी बॅटरी सोडवा. प्लग काढा, किक हातानं हळू फिरवून पाणी बाहेर काढा. ऑईल दुधासारखं झालं असेल तर काढून टाका. मोटर उघडाच, कारण पंचगंगेचा गाळ आत वाळला की सिमेंटसारखा होतो. वाळायच्या आत उघडली तर स्वच्छ पाण्यानं गाळ धुवून काढा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर, मग दोन-तीन दिवस उन्हात किंवा पिवळ्या बल्बखाली. आर्मेचर पूर्ण सुकल्यावर प्रश्न १३ ची तपासणी करा. बेअरिंग, सील आणि ओ-रिंग सरळ बदला. २०१९ च्या पुरातल्या अशा दोन मोटरी मूळच्या आर्मेचरवर आजही चालतायत. ज्यांनी "नंतर बघू" म्हणून महिनाभर ठेवल्या त्यांचे चुंबक गंजून बॉडीतून सुटले.

१९. खंडेनवमीला गाडी वॉशिंगला दिली, तेव्हापासून सेल्फ मेंगळट झालाय.

प्रेशरचं पाणी टोपणाच्या फटीतून आणि टर्मिनलच्या बुटातून आत जातं. लगेच कळलं तर गाडी तासभर चालवा, इंजिनच्या उष्णतेनं बरंचसं सुकतं. आठवडाभर तसंच राहिलं तर कार्बन खाचेत अडकतो, मग उघडावी लागते. पुढच्या वेळी वॉशिंगवाल्याला मोटर दाखवा आणि तिथे पाइप धरू नको म्हणून सांगा. गगनबावड्याकडे रोज जाणाऱ्यांनी पावसाळ्याआधी टर्मिनलचं बूट तपासावं, फाटलेलं असेल तर बदलावं.

२०. थंड असताना सेल्फ मस्त, पन्हाळा चढून थांबलो की ओढतच नाही.

तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. ५० अंशांनी तापलं तर वीस टक्के. चांगली मोटर हे सहन करते. झिजलेला बुश, अर्धी बॅटरी आणि गंजलेला अर्थ यांपैकी काही असेल तर तेवढ्यानंही ती बसते. म्हणून प्रश्न ५ च्या चाचण्या गाडी गरम असताना करा. थंड गाडीवर त्या पास होतील आणि तुम्ही गोंधळाल.

२१. बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहिला. काय करू?

रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण जाड वायर चावीतून जात नाही. बॅटरीची मायनस वायर ताबडतोब काढा. नंतर रिले बदला. ठोकून सुटलेला रिले परत चिकटतो.

२२. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचा सेल्फ सारखा जातो. मोटर दोनदा बदलली.

या इंजिनात मोटरपेक्षा स्प्रॅग (इथला वन-वे क्लच) जास्त वेळा जातं. थकलेल्या बॅटरीवर सेल्फ मारला की इंजिन कॉम्प्रेशनपाशी अडतं आणि उलटा झटका देतं. तो झटका स्प्रॅगवर बसतो. इग्निशनचं टायमिंग पुढे असेल तर आणखी जोरात. बॅटरी मंद वाटली की त्या दिवशी डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किकच मारा. तिसरी मोटर घेण्याआधी टायमिंग आणि चार्जिंग तपासून घ्या. इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. जादा फोकस लाइट आणि मोठे हॉर्न लावले असतील तर ते काढून परत मोजा.

२३. दुकानदार म्हणतो रिपेअर कशाला, नवीन मोटर टाका. ऐकू का?

चुंबक फुटले असतील, किंवा आर्मेचर शॉर्ट असेल आणि तुमच्या मोटरीचं रिवाइंडिंग करणारा मिळत नसेल, तर ऐका. बाकी सगळ्या दोषांत मूळ मोटर वाचवा असंच मी सांगेन. स्वस्तातल्या नव्या मोटरी मी बऱ्याच उघडल्या आहेत. बुश पातळ, सील कच्चं, आणि गिअरचे दात गाडीच्या गिअरशी नीट न जुळणारे. मूळच्या मोटरीत कार्बन, सील आणि ओ-रिंग घातली तर ती नवी होते. नवीन घेतलीच तर जुनी दुकानात ठेवून येऊ नका. तिचं टोपण, शिम आणि टर्मिनलचा बोल्ट पुढे कधी कामाला येतात, कारण हे सुटे पार्ट बाजारात सहसा मिळत नाहीत.

२४. सेल्फ एका वेळी किती सेकंद मारावा, आणि मोटर किती दिवसांनी उघडावी?

पाच सेकंद, मग पंधरा सेकंद थांबा. तीन-चार वेळात गाडी लागली नाही तर दोष पेट्रोलमध्ये किंवा प्लगमध्ये आहे, सेल्फ मारत राहून फक्त मोटर तापेल.

नीट चालणारी मोटर मुदत ठरवून उघडायची गरज नाही. आवाज बदलला, ओढ कमी झाली, किंवा ओ-रिंगपाशी ऑईल दिसलं की उघडा. अर्थचा बोल्ट आणि बॅटरीची टर्मिनलं मात्र दर सर्व्हिसिंगला घासायला सांगा.